दारात झोपणारी

"नाव?" झुलालने विचारलं.

"तुले माहीत नही का?"

"मी आते झुलाल नही शे. मी साहेब शे." झुलाल शिंप्याने गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली, चष्मा नाकावर सरकवला आणि खुर्चीत मागे रेलला. "नाव सांगा."

"चुडामण दगा पाटील."

"आधी कुठे काम केलं?"

"अमळनेरकडच्या कापसाच्या जिनात. मुकादम होतो. सरकी काढायच्या रेच्यांवर कापूस घालायला बाया लागतात, त्या मी आणायचो. ते जिन बंद पडलं."

"बाया कशा आणता?"

चुडामणने थोडा विचार केला. "गावात जाऊन सांगून येतो. मग त्या येतात."

झुलाल साहेबाचा पुन्हा शिंपी झाला. "आसं सांगशी तर तो म्हनी, सांगाले काय, पोस्टमन बी सांगी येस! आरे भाऊ, जरा छाती काढीसन बोल. म्हन, साहेब, माझ्या शब्दावर बाया येतात. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर येत नाहीत."

"माझ्या शब्दावर बाया येतात," चुडामण म्हणाला.

"मयतले जाई ऱ्हायना का? जोरमा!"

चुडामणने जोरात म्हटलं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी बायांनी वळून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून त्या पुढे गेल्या. झुलाल इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

धुळ्याच्या एका मोठ्या जिनाला हंगामासाठी माणूस हवा होता. खेड्यापाड्यांतून कामाला बाया आणायच्या, हंगामभर त्यांच्यावर देखरेख ठेवायची आणि हंगाम संपला की परत पोचवायच्या, असं ते काम. पूर्वी असली मुकादमकी शेठच्या तोंडच्या शब्दावर मिळत असे. आता शेठच्या मुलाने मॅनेजर नेमला होता आणि मॅनेजर म्हणे प्रत्येकाला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारणार होता. चुडामणला उभ्या आयुष्यात कोणी असे प्रश्न विचारले नव्हते. म्हणून तो झुलालकडे तालमीला येत होता.

हे काम मिळालं नाही तर त्याला जळगावला लेकीकडे, सुनंदाकडे जावं लागणार होतं. बायको चैत्रात गेली. तेव्हापासून जावई रूपचंद दर बाजाराला निरोप पाठवत होता, "आबा, एकटे काय करता तिथे? इकडे या." रूपचंद भला होता. पण चुडामणच्या घराण्यात लेकीच्या सासरचं पाणी पीत नसत. त्याचे वडील लेकीला भेटायला जात तेव्हा हातात पाण्याचा लोटा घेऊन जात आणि उन्हात गावाबाहेर बसून भाकरी खात. आता पाण्याचं कोणी एवढं मानत नव्हतं. तरी जावयाच्या दारात खाट टाकून बसायचं, सुनंदाने सासूकडे बघत बघत बापाला वाढायचं, हे मनात आलं की तो पुढ्यातलं ताट सारून उठे.

"एक काम कर," झुलाल म्हणाला. "आधी जाईसन बायांचा होकार घे. मंग साहेबाला सांगता येईल, बाया तयार आहेत, गाडी पाठवा."

ते चुडामणला पटलं.

बाया दरवर्षी त्याच्या बायकोच्या माहेरच्या गावाहून येत. एरंडोलच्या मोटारीने तो फाट्यावर उतरला आणि कपाशीच्या शेतांमधून चालत गेला. बोंडं फुटायला लागली होती. बायकोची चुलतबहीण बेबाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. त्याला पाहून ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एकदम रडायला लागली. चुडामण टोपी हातात घेऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तिनेच डोळे पुसले.

"बठा दाजी. च्या ठेवस."

चहा होईपर्यंत आळीतल्या चार-पाच बाया आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सगळ्या जिनात काम केलेल्या. चुडामणने धुळ्याच्या जिनाचं सांगितलं. मजुरी अमळनेरपेक्षा बरी आहे, राहायला पत्र्याची नवी शेड आहे, पाण्याला नळ आहे. बाया ऐकत राहिल्या.

"काय वं? कोन्हीच काही बोलत नही," तो म्हणाला.

बेबाबाईने कपबशी त्याच्यापुढे ठेवली. "दाजी, राग येऊ देऊ नका. अक्का व्हती तवय आम्हना माणसं काय तुम्हना तोंडकडे पाहीसन आम्हले पाठाडेत का?"

"मंग?"

"अक्का शेडना दारम्हा आडवी झोपे. तिले वलांडीसन कोन मधमा ई? आते कोन्हा भरवसावर पाठाडतीन?"

चुडामणला हे माहीत होतं आणि नव्हतंही. मुकादमाला फाटकाजवळ खोली मिळे. तो खोलीत झोपे आणि बायको घोंगडी उचलून बायांच्या शेडमध्ये जाई. त्याला वाटे, माहेरच्या बाया आहेत, हिला गप्पांची हौस आहे. सकाळी भाकरीला उशीर झाला की तो चिडायचा.

"एकदाव तर ती कुत्राले हाकलाले उठनी व्हती," तो म्हणाला. "वरडनी बी व्हती. तिनीच माले सकायले सांगं."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"कुत्रं?" बेबाबाई म्हणाली. "दोन पायनं व्हतं ते, दाजी. पगारनी पेटीवर बसे, गंध लावे."

चुडामणने कपबशी बाजूला सारली. त्या जिनाचा हिशेबनीस गंध लावायचा. चुडामणने त्याच्याबरोबर कितीदा पान खाल्लं होतं.

"माले काब्र नही सांगं?"

"तुम्हले सांगती तर तुम्ही भांडतात. मुकादमकी जाती." बेबाबाई शेंगा फोडायला लागली. "आम्हले म्हने, कोनी बोलू नका. मी शे ना."

मग चुडामण म्हणाला, "मी झोपसू दारजोडे."

कोपऱ्यातल्या शेवंताबाईला हसू आलं. ती वयाने सगळ्यांत मोठी होती, तिला काहीही बोलायची मुभा होती. "आन मंग तुम्हले राखाले कोन झोपी?"

बाया खो-खो हसल्या. चुडामणही हसला. हसता हसता त्याला कळलं की हे नाही म्हणणं आहे.

"तुम्ही भला शेतस दाजी," बेबाबाई त्याला पोचवायला वेशीपर्यंत आली तेव्हा म्हणाली. "पन गडीमानूस शेतस."

परत आल्यावर त्याने झुलालला एवढंच सांगितलं की बाया येत नाहीत.

"आरे, मंग सांगाना नही!" झुलाल त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवत होता. "येतस म्हन. एकदा नेमणूक व्हवू दे. ह्या नही तं दुसऱ्या. पोट भरालेच बाया निंघतस. साहेब काय दारजोडे कोन झोपस ते पाहाले येस का?"

घरी येऊन त्याने पाठ केलेली वाक्यं पुन्हा म्हणून पाहिली. सगळी बरोबर येत होती.

मुलाखतीच्या दिवशी जिनाच्या ओसरीत बाकावर सात-आठ जण बसले होते. एक तरुण पँट घालून आला होता आणि मोठमोठ्याने सांगत होता की सातपुड्यातून पाहिजे तेवढी माणसं उचलून आणतो. चुडामणचं नाव पुकारलं. आत मॅनेजर टेबलामागे होता आणि बाजूला गादीवर म्हातारा मुनीम.

नाव विचारलं. आधीचं काम विचारलं. झुलालने विचारलं होतं तसंच सगळं होतं. चुडामणला धीर आला.

"बाया कशा आणता?" मॅनेजरने विचारलं.

वाक्य जिभेवर होतं. माझ्या शब्दावर. त्याने तोंड उघडलं.

"मी आणत नव्हतो, साहेब," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझी बायको आणायची. ती शेडच्या दारात झोपायची म्हणून घरचे लोक बाया पाठवायचे. ती वारली. आता त्या माझ्या भरवशावर येत नाहीत. मी विचारून आलो."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही इथे कशाला आलात?"

"कामासाठीच आलो होतो." चुडामणने मांडीवरची टोपी घट्ट धरली. "पण एक सांगतो. मुकादम कोणीही नेमा. रात्री शेडच्या दारात एखादी वयस्क बाई ठेवा, त्यांच्याच गावची. आणि तुमच्या माणसांना सांगून ठेवा, अंधार पडल्यावर तिकडे जायचं नाही."

"झोपायचा पगार द्यायचा तिला?" मॅनेजर हसला.

"झोपायचा नाही, साहेब. जागायचा."

मॅनेजरचं हसणं थांबलं. त्याने मुनिमाकडे पाहिलं. मुनीम खाली बघत होता.

"तुमच्या बायकोला त्या जिनाने पगार दिला होता?"

"नाही."

"काय नाव त्यांचं?"

लग्नात बायांनी दार अडवून घ्यायला लावलं होतं, तेवढंच काय ते तिचं नाव चुडामणने घेतलं होतं. नंतर सगळा संसार 'अवं' या हाकेवर झाला. लेक झाल्यावर 'सुनंदानी माय'. चितेपाशीही लोक म्हणाले, हाक मार, तर त्याच्या तोंडून तेच निघालं होतं.

"भिकुबाई," तो म्हणाला.

"कोण?" मुनिमाला कमी ऐकू येत होतं. त्याने कानामागे हात धरला.

"भिकुबाई," चुडामण मोठ्याने म्हणाला. "भिकुबाई चुडामण पाटील."

बाहेर बाकावरची बोलणी थांबली. मॅनेजर जरा थांबून म्हणाला, "ठीक आहे. या तुम्ही." मुनिमाने पुढच्याला हाक दिली. पँटवाला तरुण आत येत होता. त्याला वाट द्यायला चुडामण दाराच्या चौकटीशी अंग चोरून उभा राहिला आणि तो आत गेल्यावर टोपी घालून ओसरीच्या पायऱ्या उतरला.