गाडी ओढा ओलांडेपर्यंत

त्या पाहुण्यांचा मला पहिल्यापासून राग होता, हे आधीच सांगून टाकते. सत्तेचाळीस सालचा जानेवारी होता. लढाई संपून बोटी सुरू झाल्या, तशी अमेरिकेतली पाच मंडळी सहा आठवड्यांसाठी मिशनची ठाणी बघायला निघाली. सांगलीकडे दहा दिवस काढून ती माण तालुक्यात आमच्या गावी आली. मुक्काम तीन दिवस. आमचं ठाणं चालवणाऱ्या हॉलंड मिसीबाईंनी महिनाभर आधीपासून भिंतींना चुना, शाळेतल्या पोरांना गाणी आणि मला साडीला इस्त्री, असं करून जीव नकोसा केला होता. त्या बिचाऱ्या वीस वर्षं या कोरड्या मुलखात एकट्या राहिलेल्या. आपलं काम आपल्या माणसांनी एकदा येऊन बघावं असं त्यांना वाटलं, यात चूक काहीच नव्हती. पण त्या बघणाऱ्यांना बघायला आमचं अख्खं गाव लोटलं, आणि माझं सगळं घोडं तिथंच अडलं.

मी मिशनच्या दवाखान्यातली नर्स, शालूबाई. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, उजाडताना, राहीबाई दवाखान्यामागे येऊन उभी राहिली. गावातलं जुनं मराठा घर तिचं. नवरा नाही, एकच उरलेला मुलगा पलटणीत, झाशीला. माझा बाप महारवाड्यातला, तो ख्रिस्ती झाला. त्यामुळे एरवी राहीबाई माझ्यापासून चार हात लांबूनच जायची.

"लीलीच्या पोटात दुकतंय काल सांजपास्नं," ती म्हणाली. "चल बिगीबिगी. पर कुणाला बोलायचं न्हाई."

आमच्याकडे हा समज पक्का. बाईला कळा लागल्यात हे जितक्या जणांना कळेल तितकं मूल आत अडतं. घरातली कुलपं काढायची, डब्यांची झाकणं उघडायची, केसांच्या गाठी सोडायच्या, तोंड तेवढं बंद ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी राहीबाईची थोरली सून बाळंतपणात गेली. तेव्हा घरात लग्नाची पाहुणेमंडळी होती आणि गावभर बोभाटा झाला होता. ती बोभाट्यानं गेली, हे राहीबाईच्या डोक्यातून काढणं देवालाही जमलं नसतं. मी परीक्षा पास झालेली नर्स, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी तिच्या परड्यात शिरताना मीही मागे वळून बघितलं आणि स्वतःवरच चिडले.

लीलाबाई, राहीबाईची धाकटी सून, अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. तिच्या पोटावर हात ठेवला. मुलाचं डोकं खाली नव्हतं, वरही नव्हतं. उजव्या कुशीत होतं. मूल आडवं. बाहेरून वळवून बघितलं, वळेना. पाणमोट अजून फुटली नव्हती, तेवढीच काय ती सवड. ती फुटून मुलाचा हात बाहेर आला असता, तर मूल गेलंच होतं आणि बहुतेक आईही.

"आक्का, हिला साताऱ्याला न्यायला पायजे. तितं पोट चिरून मूल काढत्यात. बैलगाडीनं न्हाई पोचायची. मोटार पायजे."

"पावण्यांची?"

"व्हय. पर त्यास्नी सांगाय लागंल."

"सांगायचं न्हाई!" राहीबाई माझ्यावर धावूनच आली. "मोठीच्या टायमाला साऱ्या गावाला ठावं हुतं. काय झालं ते तू डोळ्यांनी बगितलंस न्हवं? आन भाईर शे-दीडशे माणूस हुबं हाय. त्येंच्यासमोरनं मी सून न्हेऊ? त्यापरीस घरात मरू दे तिला." एवढं म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

मला तिचा संताप आला. पण तिनं हो म्हटल्याशिवाय ती पोर उंबऱ्याबाहेर पडणार नव्हती, हेही खरं होतं. म्हणून मी शपथ घेतली. लेकरू जन्मल्यावर आधी तिला सांगेन, मग जगाला. मोटारवाल्याला फक्त एक बाई आजारी आहे म्हणून सांगेन.

मोटार दवाखान्यासमोर वडाखाली उभी होती. पाहुण्यांचे पुढारी कार्व्हरसाहेब आणि बाकीचे तिघे मिसीबाईंबरोबर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर सभेला गेले होते. दुपारी परत यायचे आणि तीन वाजता मोटारीनं दहिवडीच्या मोठ्या सभेला जायचे. त्यांना गाठून विचारायचं म्हणजे तासभर गेला. मोटार चालवणारा नाथाजी लढाईत इटलीपर्यंत लष्कराचे ट्रक हाकून आलेला. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, राहीआक्काच्या परड्यातून एक आजारी बाई साताऱ्याला न्यायचीय.

"सायबाचा हुकूम हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग माझी नोकरी गेली म्हणायची."

"माझीबी."

त्यानं जमलेल्या गर्दीकडे बघितलं. "हितं इंजन चालू केलं तर ही समदी पब्लिक मागं पळंल. पर उतार हाय. बिरेक सोडतो, गाडी आपसूक परड्यामागं जाईल. पर तवर हिकडं कुणी बगाय नगं."

गर्दी मोटारीकडे पाठ करून पलीकडच्या पिंपळाच्या पारासमोर होती, कारण पारावर मिसेस कार्व्हर बसल्या होत्या. पायाला फोड आले म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. साठीची, काटकुळी, भलतीच बुजरी बाई. आदल्या दिवशी बायकांशी दोन शब्द बोला म्हटलं तर मानेपर्यंत लाल होऊन खाली बसल्या. संध्याकाळी मला हळूच म्हणाल्या होत्या, "मला सगळे इमारतीच दाखवतात. एखाद्या बाळंतपणाला मला नेशील? मी नुसता कंदील धरीन." मी म्हटलं होतं, आमच्याकडे कंदील खिळ्याला अडकवतात.

आता मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. इंग्रजी मला येत होतं, मी सरळ सांगून टाकलं.

"मॅडम, गाडी मी नेतेय. साहेबांना विचारलेलं नाही. कुठं आणि का, ते सांगता येत नाही. गाडी ओढा ओलांडेपर्यंत या लोकांनी मागे वळून बघता कामा नये."

"मला गाता येत नाही," त्या म्हणाल्या. "मला तसलं काहीच येत नाही."

"त्यांना गाणं नकोय. ते तुम्हालाच बघायला आलेत."

हे मी फार तुटक बोलले. पण थांबून गोड बोलायला वेळ नव्हता.

परड्यात आम्ही लीलाबाईला घोंगड्यावर घेतलं. तिच्या तोंडात लुगड्याचा बोळा दिला होता. कळ आली की तिचे डोळे पांढरे व्हायचे, आवाज मात्र नाही. माझं अर्धं ध्यान तिच्या पोटाकडे, अर्धं पाराकडे. आधी नुसती कुजबुज ऐकू येत होती. बाईंनी छत्री उघडून दाखवली, घड्याळ दाखवलं, असं मागाहून कळलं. मग पोरांचा कंटाळलेला गलका सुरू झाला. "मोटार बगू चला रं," कुणीतरी ओरडलं आणि राहीबाईनं माझं मनगट असं धरलं की वळ उठला.

तेवढ्यात सगळं शांत झालं. शे-दीडशे माणसं एकदम गप्प. मला वाटलं, बाईंना काहीतरी झालं. आणि मग जो हशा उठला, तो मी जत्रेतसुद्धा ऐकलेला नाही.

त्या हशात मोटार घरंगळत परड्यामागे आली. नाथाजीनं आणि मी लीलाबाईला आत ठेवलं, बाजूच्या ताडपत्र्या सोडल्या. राहीबाई मागेच राहिली. ती घरात दिसली नसती तर शेजारणींना सुगावा लागला असता. आता मात्र इंजिन चालू करायलाच हवं होतं. पहिल्यांदा ते नुसतं खोकलं. मी फटीतून पाराकडे बघितलं. दोन-तीन पोरांनी माना वळवल्या होत्या. मिसेस कार्व्हर पारावर उभ्या होत्या, तोंड थेट आमच्याकडे. त्यांना मोटार दिसत होती, हे मला शपथेवर सांगता येईल. त्यांनी आमच्यावरून नजर काढली, तोंडात बोटं घातली आणि वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या काढून हातात उंच धरल्या. बोळक्या तोंडानं त्या सगळ्यांकडे बघून हसल्या; मघाचा हशा नुसत्या वरच्या कवळीचा होता, हे मागाहून कळलं. वळलेल्या माना परत फिरल्या. नाथाजीनं पुन्हा कळ दाबली आणि आम्ही ओढ्यात उतरलो.

रस्त्यातलं काही सांगत नाही. प्रत्येक खड्ड्याला मी लीलाबाईचं पोट दोन्ही हातांनी धरून होते, आणि आठवतील तितक्या प्रार्थना म्हणून झाल्या होत्या. साताऱ्यात पोचल्यावर तिला लगेच टेबलावर घेतलं. तासाभरात मुलगी झाली. आधी निळी पडलेली होती, मग रडली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

लीलाबाईला तिथल्या सिस्टरांच्या हवाली करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात परतलो. दवाखान्याच्या ओट्यावर कार्व्हरसाहेब वाट बघत होते. शेजारी मिसीबाई, तोंड उतरलेलं. कुंपणाबाहेर पुन्हा सगळं गाव. गर्दीच्या कडेला रिकामी घागर घेऊन राहीबाई, पाण्याला निघाल्यासारखी. तिची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. चार माणसांत तिला विचारता येईना, आणि मला सांगता येईना.

"दहिवडीला तीनशे माणसं ताटकळली," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. "गाडी कुणाच्या परवानगीनं नेली?"

सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर नोकरी जाते.

"मी पाठवली," मिसेस कार्व्हर खुर्चीतून म्हणाल्या. हिरड्या सुजल्यामुळे कवळी त्यांना घालता आली नव्हती, शब्द फसफसत होते.

"तू? कुठे?"

"माहीत नाही."

"माहीत नसताना पाठवलीस?"

"तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

मग माझ्यानं राहवेना. गेली ती शपथ खड्ड्यात. मी कुंपणाकडे तोंड करून ओरडले, "राहीआक्का, नात झाली! मायलेकी दोगीबी खुशाल हायत!"

राहीबाई होती तिथंच धुळीत बसली. गावाला हळूहळू उमगत गेलं की काल आपण हसत असताना पाठीमागून काय गेलं.

"तू तिला काय सांगितलंस?" मिसेस कार्व्हरांनी विचारलं.

मी सांगितलं. मूल आडवं होतं, आई मेली असती, आता दोघी जिवंत आहेत.

"काल ती बाई त्या गाडीत होती?"

"हो."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडासमोर धरली आणि त्या रडायला लागल्या. आणि माणसं, सवयीनंच, नीट दिसावं म्हणून कुंपणाला येऊन चिकटली.

तशी राहीबाई उठली. धुळीसकट फाटकातून आत आली आणि मिसेस कार्व्हरांच्या खुर्चीपुढे, गर्दीकडे तोंड करून, आडवी उभी राहिली.

"काय बगताय?" ती म्हणाली. "बाईमाणूस रडतंय. जावा आपापल्या घरी."