वरच्या फळीवरचा मान

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणं झिजलीत आणि एका कोपऱ्याचा टवका उडालाय. मित्रांनो, आधी मी एका कचेरीत पत्रं लिहीत असे. तिथे नवे लॅपटॉप आले आणि मला या मदरशात देऊन टाकलं.

इथल्या शिक्षकांना संगणक शिकवायला एक बाई येत. शिकणाऱ्यांत सगळ्यांत म्हातारे होते कुराण शिकवणारे उस्ताद. त्यांचं बोट बटणावर टेकलेलंच राही आणि पानभर एकच अक्षर उमटे. "अहो, हा थांबतच नाही!" ते ओरडत. गणित शिकवणाऱ्या आपांची हसून हसून पुरेवाट होई. पण उस्तादांनी चिकाटी सोडली नाही. त्यांची एक विद्यार्थिनी कुराण तोंडपाठ करत होती. पाठांतर अर्ध्यावर असताना तिचे आईवडील तिला घेऊन दूरच्या गावी राहायला गेले. "तुझं पुरं करून घेईन," असा शब्द उस्तादांनी तिला दिला होता. फोन तर ते वापरतच नसत, म्हणून हा खटाटोप.

मग रोज दुपारी ते मला उघडू लागले. पडद्यावर पोर पाठ म्हणे, उस्ताद डोळे मिटून ऐकत आणि ती चुकली की बोट वर करत. काय सुखाचे दिवस होते ते!

पुढे कुणीतरी माझ्यात अख्खं कुराण भरून दिलं. ते पाहून मोठे मौलवी म्हणाले, "आता याला चहाच्या कपांशेजारी ठेवायचं नाही." मला पांढऱ्या कापडात गुंडाळून सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं. केवढा मान! पण उस्तादांचे गुडघे त्यांना स्टुलावर चढू देईनात. आधी ते कुणाला तरी हाक मारत, मग त्यांना संकोच वाटू लागला. खाली वर्ग भरत, सुटत. माझ्याकडे कुणी मान वर करूनही बघत नसे. फार एकटं वाटायचं हो.

परवा आपांनी विचारलं, "उस्ताद, तुमच्या त्या पोरीचं कुठवर आलं?" उस्तादांनी वरच्या फळीकडे पाहिलं. आपा तडक स्टुलावर चढल्या. वायर लावल्यावर कसाबसा मी सुरू झालो. उस्ताद सगळं विसरले होते, तरी म्हणाले, "थांबा आपा, मीच शोधतो." बऱ्याच वेळाने त्यांना त्या पोरीचं नाव सापडलं. पडद्यावर मुलीची आई आली.

"उस्ताद, तिने तुमची फार वाट बघितली. मग तिला इथल्याच एका उस्तादांकडे घातलं. गेल्या महिन्यात पुरं झालं तिचं."

"मुबारक! फार छान झालं," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मला पुन्हा गुंडाळायला आपांनी कापड उचललं. "नको, राहू दे इथेच, माझ्या हाताशी," उस्ताद म्हणाले.

"आता कुणासाठी?"

"आणखी एखादं मूल लांब जाईलच की."

मित्रांनो, तुम्ही मान दिलात, बरं वाटलं. पण आमच्यासारख्यांना जपायचं असेल तर रोज उघडा, रोज वापरा. त्या मुलीचा शेवटचा पाठ मला ऐकायचा होता. तो आता मला कधीच ऐकायला मिळणार नाही.