झिरोचा बल्ब

खोलीतला झिरोचा बल्बसुद्धा नणंदेने काढून नेला, तेव्हा पलंगावर पडलेल्या तिने नुसतं पांघरूण ओढून घेतलं. आजारी माणसाने घरच्यांशी हुज्जत घालायची नसते, एवढं ती एव्हाना शिकली होती.

"जिवाशी खेळ नको, वहिनी. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलंय. अंधार म्हणजे अंधार."

औषध शिरेतून दिलं होतं, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा नॅनो कणांत भरून. ते कण अन्ननलिकेतल्या गाठीत दबा धरून बसणार होते. परवा घशातून नळी घालून त्यांच्यावर लेझरचा उजेड सोडला, की औषध जागं होऊन गाठ जाळणार होतं. थोडं औषध कातडीतही उरतं, म्हणून ऊन वर्ज्य. बाकीच्या सूचना दिल्या तेव्हा नवरा गाडी लावायला गेला होता आणि तिला गुंगी होती. ऐकलं ते एकट्या नणंदेने.

अंधाराचं तिला काही नव्हतं. जीव अडकला होता चिमीत. चार वर्षांची पोर आत्याचा हात घट्ट धरून दारापर्यंत यायची आणि तिथेच थबकायची.

"ये ना गं, बाळा." गाठीने तिचा आवाजही घोगरा करून टाकला होता.

"आत्या, ही कोण बोलतेय?"

"आईच असेल हो तुझी. दिसत तर काही नाही," नणंद हसत म्हणाली. तिचे विनोद असेच, टाचणीसारखे. तिला स्वतःचं मूल नव्हतं. चिमीची वेणी आता तीच घालायची, घास तीच भरवायची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नणंद आंघोळीला गेलेली असताना चिमी एकटीच दारात आली.

"तू आई असशील तर दिसून दाखव."

तिने मनाला बजावलं, एक क्षणच. आणि जाड पडदा सरकवला. ऊन थेट तोंडावर आलं. चिमीने डोळे बारीक करून पाहिलं, हनुवटीवरचा तीळ दिसताच धावत येऊन मांडीत चढली.

"आता लावू पडदा?"

"नको. मग तू परत जाशील."

ती बसून राहिली. आधी गालांवर मुंग्या आल्या, मग तव्याजवळ तोंड नेल्यासारखी धग. चिमीचं इवलंसं बोट तिळावरून फिरत होतं, ते बाजूला करायला तिचं मन धजेना.

नणंद ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात येऊन उभी राहिली. उघडा पडदा तिने पाहिला, वहिनीचं लालबुंद तोंडही. बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "चिमे, चल, जेवायचंय ना?"

संध्याकाळपर्यंत चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या. ओठ फुगून उलटे झाले, तोंड बोटभरही उघडेना.

"नळी कुठून घालू मी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सूज उतरेपर्यंत गाठीतलं औषध संपलेलं असेल. पुन्हा द्यायला महिना थांबावं लागेल. गाठ तेवढं थांबेल की नाही, मी सांगू शकत नाही." त्या नवऱ्याकडे वळल्या. "मुलीला आईचा चेहरा दिसावा म्हणूनच मी खोलीत मंद दिवा ठेवायला सांगितला होता. तो चालतो. लावला नव्हता?"

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं.

"मला वाटलं, जास्तीची काळजी घेतलेली बरी," नणंद म्हणाली.

परतताना गाडीत तो बायकोला हलकेच म्हणाला, "ताईने चांगल्यासाठीच केलं गं. तू मात्र शिकलीसवरलेली असून."

तिला ओठ हलवता येत नव्हते.

घरी आल्यावर त्याने स्वतः स्टुलावर चढून बल्ब बसवला. पिवळट उजेड पडला. चिमी दारात आली, आत्याचा हात धरून. पलंगाकडे पाहत राहिली. तीळ सुजेत कुठे बुडाला होता कोण जाणे.

आईने हात पुढे केला.

चिमी आत्याच्या मागे सरकली. "आत्या," ती कुजबुजली, "तो बल्ब काढ ना."