मिहिरच्या गॅलरीसमोर चार रविवार

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत जुन्या लाकडी घरांची एक रांग अजून उभी आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. मग मिहिर नावाचा एक तरुण दर रविवारी दुपारी ठाण्याहून वीस-पंचवीस माणसं घेऊन यायला लागला. हेरिटेज वॉक म्हणायचे त्याला. गळ्यात छोटा स्पीकर अडकवून मिहिर खांबांवरची नक्षी दाखवायचा आणि माणसं मोबाइल उंच धरून गल्लीभर पांगायची. सुरुवातीला गल्लीलाही गंमत वाटली. सालेहानं तर पहिल्या खेपेला सगळ्यांना सरबत पाजलं होतं.

सालेहाचं घर रांगेत तिसरं. तिच्या नवऱ्याचे, सिराजचे, एके काळी कापडाचे बारा लूम होते. इस्त्रीच्या कुर्त्याशिवाय हा माणूस कधी नाक्यापर्यंतसुद्धा गेला नाही. तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सालेहानं त्याची खाट पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लावली. जाता-येता कुणी सलाम करायचं, कुणी घटकाभर थांबायचं, आणि त्यावर त्याचा दिवस निघायचा.

एका संध्याकाळी महाडला दिलेल्या लेकीचा, सादियाचा, फोन आला. अब्बांचा फोटो कुणी टाकलाय, असं विचारत ती रडतच होती. तिनं पाठवलेला फोटो सालेहानं उघडला. खिडकीतून काढलेला होता. सिराजचं तोंड उघडं, हनुवटीवर वरण ओघळलेलं, गळ्याशी टॉवेल, आणि कडेला चमचा धरलेला सालेहाचाच हात. खाली मिहिरनं लिहिलं होतं : भिवंडीचा शेवटचा विणकर. सिराजनं आयुष्यात कधी माग चालवला नव्हता. त्याच्याकडे माग चालवायला माणसं होती. पण ते एक वेळ सोडा. त्याखाली हजारो लोकांनी हळहळ व्यक्त केली होती आणि त्यात कुणीतरी लिहिलं होतं, या म्हाताऱ्याला आंघोळ तरी घाला रे कुणी.

तीन वर्षं, एक दिवस न चुकता, सालेहा त्याला एकटीनं कुशीवर वळवून ऊन पाण्यानं पुसून काढत होती. ते वाक्य तिनं तीनदा वाचलं.

सिराजला ती दाखवणार नव्हती. पण शेजारचा तौहीद कौतुकानं फोन घेऊन आला, की चाचा, तुम्ही फेमस झालात. सिराजनं फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग डाव्या हातानं खिडकीकडे बोट दाखवलं आणि कसंबसं म्हणाला, "बंद कर." त्या दिवसापासून तो दिवसाही अंधारात पडून राहायला लागला.

पुढच्या रविवारी सालेहानं मिहिरला बाजूला घेऊन फोटो काढून टाकायची विनंती केली. तो उर्मटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो गोड हसला. या फोटोमुळे तुमच्या गल्लीचं नाव परदेशात गेलं, असं समजावून सांगायला लागला. आणि शेवटी म्हणाला, "आंटी, रस्ता सरकारी आहे. रस्त्यावरून फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही."

सालेहा भांडली नाही. ती सरळ गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुमतीबाईंकडे गेली. बाई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गभर पोचेल असा. मिहिरनं वाटलेलं कार्ड सालेहानं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावर ऑफिस म्हणून त्याच्या घराचाच पत्ता होता. तिच्या मनात काय आहे ते बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "किती जणी येतील?"

नऊ जणी आल्या. रविवारी सकाळी बसनं ठाण्याला उतरून त्या मिहिरच्या सोसायटीच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभ्या राहिल्या. तळमजल्याच्या गॅलरीत त्याचे वडील बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत स्टुलावर पाय ठेवून नखं कापत बसले होते. मागे दोरीवर घरातले सगळे आतले कपडे वाळत होते. बायकांनी मोबाइल वर केले. सुमतीबाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. इथं ठाण्यातल्या जुन्या मध्यमवर्गाचे शेवटचे नमुने पाहायला मिळतात, यांचा पोशाख बघा, यांच्याकडे नखं अजून हातानं कापतात.

म्हाताऱ्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो उठताना स्टुलाला अडखळला. वरच्या मजल्यांवरून लोक वाकून बघायला लागले, त्यांतल्या दोघांनी आपलेही फोन काढले. मिहिर धावत बाहेर आला. हे खाजगी घर आहे, पोलिसांना बोलावतो, असं ओरडायला लागला.

"बोलाव," सालेहा म्हणाली. "रस्ता सरकारी आहे."

त्याच रात्री मिहिरनं तो फोटो काढून टाकला. पण दुसऱ्या रविवारी त्या पुन्हा गेल्या, तिसऱ्याही. तोवर सोसायटीनं मिहिरच्या घरच्यांना, हा तमाशा थांबवा, असं पत्र दिलं होतं आणि गॅलरीला जाड पडदा लागला होता. तो पडदा बघून सालेहाला आपली बंद खिडकी आठवली आणि बरं वाटलं.

त्या बुधवारी मिहिर एकटाच निजामपुऱ्यात आला. सालेहानं त्याला आत घेतलं नाही. भर दुपारी तासभर ओट्यासमोर उन्हात उभं ठेवलं. गल्ली बघत होती. मग सिराजच्या खाटेपाशी नेलं. त्यानं हात जोडले, माफी मागितली, या गल्लीत पुन्हा वॉक आणणार नाही म्हणाला. सिराजनं मान हलवली आणि तो गेल्यावर बायकोला म्हणाला, "बस झालं."

सुमतीबाईंचंही तेच मत पडलं. त्यानं माफी मागितली, आता जायचं कारण नाही, म्हणाल्या.

चौथ्या रविवारी सालेहा एकटी गेली. कुंपणाबाहेर नुसती उभी राहिली, मोबाइल पिशवीतच होता. थोड्या वेळानं पडदा सरकवून मिहिरचे वडील बाहेर आले. या खेपेला त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बाई," ते म्हणाले, "चूक माझ्या मुलाची झाली. मी काय केलं होतं?"

"माझ्या नवऱ्यानं काय केलं होतं?"

ते आत गेले नाहीत, गज धरून उभे राहिले. सालेहानं त्यांच्याकडे नजर न हलवता बघितलं, त्यांची मान खाली जाईपर्यंत. मग आणखी दहा मिनिटं थांबली आणि बस पकडून घरी आली. सुमतीबाईंनी वाटेत विचारलं, तेव्हा बाजारात गेले होते म्हणून सांगितलं. त्या रात्री तिला शांत झोप लागली, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.