बोरीकाठच्या मंडळीचं रजिस्टर

सरुबाई सकाळी गेली आणि दुपारपर्यंत तिला पुरायला जागा मिळेना. कुदळी घेऊन गेलेली माणसं तशीच परत आली. ख्रिस्ती दफनभूमीच्या तोंडाशी महारुद्र पाटलानं ट्रॅक्टर आडवा लावला होता.

सरुबाईला ओट्यावर ठेवून तिचा नवरा पिराजी स्वतः गेला. काखेत चर्चच्या मंडळीचं रजिस्टर. मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, म्हणून चाळीस वर्षं त्यानंच ते सांभाळलं होतं.

"पाटील, दुष्काळात मिशननं ही जागा घेतली. माझा पणजा हितं पुरलाय."

"असंल की! पण कागदावर गावात एक तरी ख्रिश्चन हाय का? सगळे हिंदू. हिंदूला कबरस्तान कशाला रं, पिराजी?" महारुद्र हसला. "काखेत काय हाय? दाखव. आत्ता ट्रॅक्टर काढतो."

काखेत काय आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. ही मंडळी तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाही. जाणत्या माणसानं बोरी नदीत उभं राहून स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं आणि ओल्या हातानं रजिस्टरात सही करायची. पहिल्या पानावर पणज्याचा अंगठा. शेवटच्या पानावर लेकीची, पौर्णिमाची सही. हिंदू मातंग जातीच्या दाखल्यावर पौर्णिमा सरकारी दवाखान्यात नर्स झाली होती. येशूला मानलं की सरकार कागदावरची जात पुसतं, तिच्यावर मिळालेली नोकरीही जाते. गावानं मात्र शंभर वर्षांत एकदाही पुसली नाही. पाणी वरूनच ओतलं.

पौर्णिमा धावत आली. "दादा, दाखवा त्यांना. आईनं थोरल्या भावाच्या कबरीशेजारी जागा मागितली होती."

"आन् तुझी नोकरी?"

"जाऊ द्या की!"

पिराजीनं रजिस्टर आणखी घट्ट दाबलं. "हितं कुणी ख्रिश्चन न्हाय, पाटील."

"थांब, मोबाईलवर रेकॉर्ड करतो. हां, आता बोल. मोठ्यानं."

पिराजी पुन्हा बोलला.

दिवस मावळायच्या आत सरुबाईला ओढ्याकडं जाळलं. कुणी गीत म्हटलं नाही. महारुद्रनं लाकडं पाठवली होती, वरून निरोप, "काय लागलं तर सांगा."

घरी येऊन पिराजीनं रजिस्टरातलं मयतांचं पान उघडलं. सरुबाईच्या नावापुढं, 'कुठं पुरलं' या रकान्यात लिहिलं, 'जाळलं'. त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं. तारीख आजचीच. मरणाच्या कारणात लिहिलं, 'स्वतःच्या तोंडानं नाकारलं'. आणि सही केली.