सात नंबरच्या खोलीतला तिसरा सेन्सर

सफरचंदांच्या त्या शीतगृहात चाळीस खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत तापमान मोजणारे तीन बिनतारी सेन्सर. एखादा बिघडला तरी काम अडू नये म्हणून सोय अशी केली होती, की दोघांचे आकडे जुळले आणि तिसऱ्याचा नाही जुळला, तर तिसऱ्याला बाद धरायचं. मग ऑफिसातल्या पडद्यावर त्याच्यापुढे पिवळा ठिपका येई. तो घालवायचं काम दुरुस्तीवाल्या बाईंचं.

बाईंच्या सासूबाई मांडीचं हाड मोडून दीड महिना अंथरुणावर होत्या. नवरा कामानिमित्त परगावी, नणंद फोनवरून सल्ले देण्यात पटाईत. बाई कामावर यायच्या तेव्हाच अर्ध्या संपलेल्या असायच्या.

सात नंबरच्या खोलीत ठिपका आला. दोन सेन्सर एक अंश सांगत होते, मागच्या कोपऱ्यातला तिसरा सहा. बाईंनी तो काढला, नवा बसवला आणि निघाल्या. दारात कोठाराचे जुने राखणदार नाना उभे होते.

"बाई, आत जरा वास येतोय. पिकल्यासारखा."

"सफरचंदांना सफरचंदांचाच वास येणार ना, नाना!"

नाना हसले नाहीत.

चार दिवसांनी नव्या सेन्सरनंही सहाच सांगितलं. आदल्या रात्री सासूबाईंनी चारदा हाक मारलेली. एवढ्यासाठी पुन्हा लोकरीचं जाकीट चढवून आत जायचं बाईंच्या जिवावर आलं. कोपऱ्यात ओल धरत असेल, असं मनाशी ठरवून त्यांनी खुर्चीतूनच तो सेन्सर पडद्यावरच्या यादीतून काढून टाकला. ठिपका गेला.

पुढे दहा दिवसांनी नानांचा फोन आला. "या. आणि हातातला थर्मामीटर घेऊन या."

मागच्या तीन रांगांतली खोकी त्यांनी उघडून ठेवली होती. बाईंनी एक सफरचंद दाबलं, तर अंगठा आत गेला. थर्मामीटरवर पावणेसात.

मग त्यांनी वर पाहिलं. दोन्ही शहाणे सेन्सर गार हवेच्या पंख्यासमोर एकाच खिळ्याला लोंबकळत होते. महिन्यापूर्वी भिंती रंगवणाऱ्यांनी ते काढले असणार आणि हात पोचेल तिथे अडकवले असणार. खोकी थेट छतापर्यंत रचल्यामुळे मागे वाराच पोचत नव्हता. खरं सांगणारा एकटा होता, आणि त्याला बाईंनी एकदा कचऱ्यात टाकलं होतं, एकदा गप्प केलं होतं.

"मी तेव्हाच ओरडायला हवं होतं," नाना म्हणाले.

"तुम्ही सांगितलं होतं, नाना. मीच कानाआड केलं." बाई तिथेच एका खोक्यावर टेकल्या. रडू येईल असं वाटलं, पण तेवढाही जोर उरला नव्हता.

दुपारी साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. "सेन्सर बिघडला, एवढंच लिहा. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

"एकही बिघडला नव्हता, साहेब."

"बाई, घरी तुमच्या एवढं चाललंय. उगाच कशाला अंगावर ओढून घेता?"

"बिघडला म्हणून लिहिलं तर तुम्ही नवे मागवाल. आणि बाकीच्या खोल्यांतही रंगारी गेलेच होते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "मग सगळ्या खोल्या बघाव्या लागतील. हाताने."

"हो."

"आणि ते तुम्हालाच करावं लागेल. माझ्याकडे दुसरं माणूस नाही."

बाईंनी अहवालात सगळं लिहिलं. जाकीट अंगावर न चढवता ठिपका घालवला, हेसुद्धा. त्या महिन्याच्या शेवटी त्यांना लेखी समज मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून त्या आणि नाना शिडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरू लागले. सातवी सोडली तर आठपर्यंतच्या सगळ्या ठीक निघाल्या. नऊ नंबरात तिन्ही सेन्सर एकाच दांड्यावर, एखाद्या कुटुंबासारखे दाटीवाटीने. तिघांचं एकमत, त्यामुळे ठिपका यायचा प्रश्नच नव्हता. मागे सगळीकडे चार अंश होते. फळं अजून टणक होती.

"वाचली," नाना म्हणाले.

बाईंनी मान हलवली. सेन्सर सोडवले, एक खिशात टाकला आणि शिडी कोपऱ्याकडे ढकलू लागल्या. तिचं एक चाक अडकत होतं. नानांनी दुसरी बाजू धरली. अजून एकतीस खोल्या उरल्या होत्या, आणि पाच वाजता सासूबाईंना औषध द्यायला घरी पोचायचं होतं.