आंबिलीचं बिंदगं

"उद्या जेवायचं कुठं, तेवढं सांगा गुरुबसप्पा," रामकिशन म्हणाला. "खानावळवाला म्हणून राहिला, उद्या चूल पेटणार न्हाई. हॉटेलं बी बंद. जिल्ह्याचं गाव अन् भाकर मिळंना?"

गुरुबसप्पा कचेरीच्या दाराला कुलूप घालत होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या कचेरीत तो शिपाई होता. रामकिशन हिमायतनगरकडचा, चाळिशीतला कारकून. बदली होऊन आला होता. बायकापोरं अजून गावाकडेच होती.

"उद्या येळवस," गुरुबसप्पा म्हणाला. "अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतंय. ज्याला शेत न्हाई, त्यो दुसऱ्याच्या शेतात."

"तुमचं शेत हाय?"

"न्हाई."

"मग तुमी कुठं जेवता?"

"मेव्हण्याकडं. निलंग्याच्या वाटंवर."

"मग मी बी येतो. लई खात न्हाई मी."

"या की," गुरुबसप्पा म्हणून गेला आणि लावलेलं कुलूप पुन्हा ओढून पाहू लागला.

त्याची बायको शिवगंगा श्रावणात गेली होती. लग्न झाल्यापासून दर येळवशीला ती डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहानसं मडकं, घेऊन भावाच्या शेताकडे निघायची आणि हा पिशवी घेऊन मागून जायचा. बोलावणं कधी आलं होतं का, हे त्याला आता आठवेना. मेव्हणा बसवंत परवाच मोंढ्यात, धान्याच्या बाजारात भेटला होता. विहिरीचं बोलला, कडब्याचं बोलला, येळवशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. गुरुबसप्पाला त्याचा राग आला नव्हता. बहीणच राहिली नाही, त्यात पाऊस नाही. अशा साली एक ताट कमी झालं तर कुणालाही बरंच वाटेल.

तरी त्यानं फडताळावरचं मातीचं बिंदगं उतरवलं होतं. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबायला ठेवलं होतं. कुठं न्यायचं ते ठरलं नव्हतं. पण येळवशीला घरात आंबील नाही, हे त्याला बरं वाटेना. सकाळी उठून त्यानं ती शिजवली. मीठ शिवगंगा किती घालायची, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं अंदाजानं घातलं.

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या, पोरं, केळीची पानं. रामकिशन डोळे मोठे करून बघत होता. "आमच्याकडं असं काई नसते बा," तो म्हणाला.

फाट्यावर उतरून दोघं पायवाटेनं चालू लागले. तेरणा नदीच्या बाजूला जमीन उतरत जाते, मधे आंब्याची झाडं आहेत. एरवी या दिवसांत तिथली ज्वारी माणसाला झाकते. यंदा ती गुडघ्याएवढीच होती, त्यामुळे लांबूनही प्रत्येक शेतातली कडब्याची खोपटासारखी कोप आणि भोवती बसलेली माणसं दिसत होती. वाटेनं जाणाऱ्यांना बांधाबांधावरून हाक येत होती, "या पाव्हणं, जेवायला या."

बसवंतचा बांध आला, तसा गुरुबसप्पा बाभळीखाली थांबला.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "वाटसरूला न्हाई म्हणत न्हाईत इथं."

"अन् तुमी?"

"मी हाय की."

रामकिशननं त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या बिंदग्याकडे पाहिलं. "तुमी बी माझ्यावाणीच पाहुणे काय आज?"

रामकिशन पुढे गेला. कोपीपाशी तो दोन शब्द बोलला आणि बसवंत धोतराचा सोगा धरून तरातरा बांधाकडे आला.

"दाजी, इथं काय उभारलाव? पूजा आडून राहिली. पोरं भुकंनं रडायलीत."

"तू सुरू करायचंस."

"कशानं करू? आंबील तुमच्याकडं."

"तू काय बोलला न्हाईस," गुरुबसप्पा म्हणाला. "मोंढ्यात भेटलास, पर बोलला न्हाईस."

बसवंतनं हातातला सोगा सोडला. "घरच्या माणसाला कोन बोलावतंय? परक्याला बोलावत्यात."

एवढ्यात बसवंतची बायको शरणम्माही आली. तिनं पदराला हात पुसून बिंदगं मागितलं. "म्या आंबील घातलीच न्हाई," ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासनं कवा घातली न्हाई. ती वन्संकडनं यायची. म्हनलं, दाजी आनतील."

"अन् आनली नसती तर?"

"तर बसलो असतो वाट बघत."

कोपीत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांची पूजा झाली. बसवंत आंबील शिंपडत पिकाभोवती फिरला. गुरुबसप्पा बिंदगं धरून त्याच्या मागून चालला. खुरट्या ज्वारीवरही थेंब पडले. मग पंगत बसली. डाळी-भाज्यांच्या भज्जीत हिरव्या शेंगा नव्हत्या, सगळी डाळ बाजारातली होती, खीरही पातळ होती. पण भज्जी रटरटत होती आणि बाजरीचे वाफवलेले उंडे गरम होते. बसताना 'लई खात न्हाई मी' म्हणालेल्या रामकिशननं चौथा उंडा घेतला, तेव्हा शरणम्मा म्हणाली, "पाव्हणं लई खात न्हाईत म्हनं."

"पहिलीच येळवस हाय ताई," तो म्हणाला आणि भज्जीसाठी द्रोण पुढे केला. गुरुबसप्पाही हसला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

आंबील मात्र कुणालाच दुसऱ्यांदा मागवेना. बसवंतनं पेला संपवला आणि तोंड पुसलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी शरणम्माच बोलली.

"दाजी, पुढल्या साली मीठ कमी टाका."

"टाकतो," गुरुबसप्पा म्हणाला.

ऊन उतरल्यावर ते निघाले. शरणम्मा बिंदगं विसळायला तांब्याभर पाणी घेऊन आली. विहिरीला तळ लागला होता, ते त्यानं येताना पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "घरी धुतो."

एसटीत त्यानं बिंदगं मांडीवर घेतलं. आतून आंबूस वास येत होता. शेजारच्या बाईनं नाक मुरडलं नाही, तिच्याही मांडीवर तसंच एक होतं.